सुवर्णा नावाची मेंढी

मेंढपाळाचा संसार मेंढ्यांवर चालतो, मेंढ्यावर नाही. कळपाला मेंढे दोन-तीन पुरतात, बाकीची बहुतेक मेंढरं माद्या. नर कोकरं बाजारात जातात, मादी कोकरं वाड्यावर राहतात आणि पुढे त्याच मेंढ्या होऊन कळप वाढवतात.

महाराष्ट्राच्या माळावर प्रामुख्याने दिसते ती दख्खनी मेंढी. काटक, कमी चाऱ्यावर तगणारी. तिच्या पोटप्रकारांना मुलखाची नावं मिळाली: लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी तर लांबूनही ओळखू येते. अंगाने उंच, पांढऱ्या रंगावर तपकिरी ठिपके आणि पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक.

दख्खनी मेंढीचं एकच उणं. पाच महिने गाभण राहून ती बहुतेक वेळा एकच कोकरू देते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने नेमकं हेच उणं दूर करायचं काम हाती घेतलं. सुंदरबनात गुडघाभर पाण्यात उतरून चरणारी गरोळ नावाची चिमुकली मेंढी आहे. तिला जुळी होणं नित्याचं. त्यामागे आहे ‘फेकबी’ हे जनुक. हेच जनुक ऑस्ट्रेलियातल्या बुरुला मेरिनो मेंढ्यांतही आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याहून सिडनीला गेलेल्या बंगाली मेंढ्यांकडून ते तिथे पोचलं असावं, असं संशोधक मानतात. २००१ साली या जनुकातला नेमका बदल सापडला.

गरोळ आकाराने अगदी लहान, म्हणून फलटणमध्ये तिचा दख्खनी आणि कर्नाटकातल्या बन्नूर मेंढ्यांशी संकर करून मोठ्या अंगाची, जुळी देणारी मेंढी तयार केली. तिचं नाव ‘सुवर्णा’. गंमत अशी, की हे जनुक मेंढ्याकडूनही उतरतं, पण त्याच्याकडे बघून कळत नाही. गुण दिसतो तो त्याच्या लेकींच्या वेतात. म्हणून रक्ताची डीएनए तपासणी करून मेंढे निवडले जातात आणि धनगरांच्या कळपात दिले जातात.

जुळी झाली म्हणजे मेंढपाळाचं भलं झालंच, असं मात्र नाही. दोन कोकरांना पुरेल एवढं दूध आईला हवं. त्यासाठी गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात आणि व्याल्यावर तिला चाऱ्याबरोबर खुराक द्यावाच लागतो. तो द्यायची तयारी नसेल, तर मेंढपाळाने एका कोकराची दख्खनी मेंढीच राखलेली बरी.