आधी भूमिपूजन, मग जमीन

ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रोचे भूमिपूजन 18 डिसेंबर 2018 रोजी कल्याणमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. सुमारे 25 किलोमीटरचा मार्ग, 17 स्थानके आणि 8,416 कोटी रुपयांचा खर्च असे तिचे कागदावरचे रूप होते. 2025 उजाडले, अर्धे सरले, तरी कापूरबावडी ते धामणकर नाका हा पहिला टप्पासुद्धा प्रवाशांसाठी खुला झालेला नव्हता. कल्याणच्या बाजूचा दुसरा टप्पा तर त्याच्याही मागे होता. अशा वेळी दोष कोणाचा, यावर लोकलच्या डब्यात ठरावीक उत्तरे मिळतात. कोणी ठेकेदार ढिला होता म्हणतो, कोणी करोनाकडे बोट दाखवतो, तर कोणी सरकारे बदलल्याचे सांगतो. या तिन्हींत तथ्य आहे, पण मूळ कारण त्याआधीचे आहे. मार्ग कुठून जाणार, गाडी कोणत्या प्रकारची असणार आणि ती रात्री कुठे उभी राहणार, हे पक्के होण्याआधीच आपल्याकडे नारळ फुटतो. पुढचा विलंब त्या दिवशीच ठरून गेलेला असतो.

भिवंडीत हे सर्वांत स्पष्ट दिसते. धामणकर नाक्यापासून टेमघरकडे जाणारा रस्ता दोन्ही बाजूंनी दुकाने आणि घरांनी दाटलेला आहे. यंत्रमागांच्या या शहरात मालाचे ट्रक आणि टेम्पो त्याच रस्त्यावर असतात. उन्नत मेट्रोचा खांब रस्त्याच्या मध्ये बसवता येतो. स्थानकाचे तसे नसते, त्याला रुंदी लागते, जिने उतरवायला पदपथ लागतो. म्हणजे बांधकामे पाडणे आले, पुनर्वसन आले, विरोधही आला. शेवटी सुमारे तीन किलोमीटरचा हा तुकडा भुयारी करायचे ठरले. निर्णय योग्यच होता, पण तो भूमिपूजनानंतर कित्येक वर्षांनी झाला. भुयारासाठी जमिनीची चाचणी, संकल्पचित्रे, निविदा असे सगळे नव्याने करावे लागते आणि किलोमीटरमागे खर्चही उन्नत मार्गाच्या दुपटी-तिपटीने वाढतो. त्या रस्त्याची रुंदी 2018 साली काही गुप्त नव्हती. टेप घेऊन गेलेल्या कनिष्ठ अभियंत्यानेही ती सांगितली असती. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. या मार्गाची कारशेड कशेळीला, म्हणजे ठाण्याच्या बाजूला आहे. त्यामुळे कल्याणकडचे खांब उद्या उभे राहिले, तरी मधले तीन किलोमीटर जोडल्याखेरीज तिथे गाडी पोहोचणार नाही.

ठाणे शहराच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोची कथा वेगळी, रोग मात्र तोच. 2019 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 29 किलोमीटरच्या या मार्गाला 13,095 कोटींच्या अंदाजासह मान्यता दिली. मग केंद्राकडून सूचना आली की एवढ्या प्रवासीसंख्येला पूर्ण मेट्रो कशाला, हलकी रेल्वे पुरे. छोटे डबे, आखूड फलाट, हलका पूल असा नवा आराखडा झाला आणि 2021 मध्ये खर्च 7,165 कोटींवर आला. त्यानंतर गाडी पुन्हा पूर्ण मेट्रोकडे वळली. 16 ऑगस्ट 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 12,200 कोटींच्या, 22 स्थानकांच्या मेट्रोला मंजुरी दिली. त्यासाठी मुदत 2029 ची आहे. वर्तुळाकार मेट्रो पाच वर्षे कागदावरच गोल फिरली. हलकी रेल्वे चूक की बरोबर, हा मुद्दा इथे गौण आहे. रस्त्याच्या पातळीवर धावली तरच ती खऱ्या अर्थाने स्वस्त पडते आणि त्यासाठी एक मार्गिका इतर वाहनांकडून काढून घ्यावी लागते. घोडबंदर पट्ट्यात ते सोपे नाही. पण पर्यायांची ही तुलना आधी करा, असे 2017 चे केंद्रीय मेट्रो धोरणच सांगते. ती मंजुरीनंतर केली, तर वेळ जातो आणि हाती काहीच लागत नाही.

यावर पहिला आक्षेप करोनाचा. टाळेबंदीत मजूर गावी गेले, कामे थांबली, हे खरेच आहे. त्याने वर्ष-दीड वर्षाचा उशीर समजावता येतो, सात वर्षांचा नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सगळी जमीन ताब्यात येण्याची वाट पाहिली, तर या देशात काहीच सुरू होणार नाही, असे अभियंते म्हणतात. मुंबईत अंधेरी–दहिसर पट्ट्यातल्या 2अ आणि 7 या मार्गिकांचे भूमिपूजन ऑक्टोबर 2015 मध्ये झाले आणि जानेवारी 2023 मध्ये त्या पूर्ण धावू लागल्या. त्यांनाही सात वर्षे लागली, पण त्या लिंक रोड आणि द्रुतगती महामार्गासारख्या रुंद रस्त्यांवरून गेल्या आणि दोघींना चारकोपची एकच कारशेड पुरली. म्हणून इंच न् इंच ताब्यात घ्या असे माझे म्हणणे नाही. स्थानकांच्या जागा, अरुंद तुकडे आणि कारशेड या तीन गोष्टी ज्या मार्गात सुटलेल्या नाहीत, त्याला मुहूर्त लावू नये, एवढेच. वडाळा–कासारवडवली मार्गिकेच्या मोघरपाडा कारशेडची जागा शेतकऱ्यांच्या मोबदल्यावरून अशीच रेंगाळली. तिच्या गायमुख बाजूच्या टोकावर चाचणी झाली ती थेट सप्टेंबर 2025 मध्ये.

आता कल्याण–तळोजा मार्गिकेचेही काम निघाले आहे. तिचे भूमिपूजन मार्च 2024 मध्ये झाले. डोंबिवलीकरांचा शिळफाट्याकडे जाणारा रस्ता आधीच कोंडलेला होता, त्यावर आता पत्र्यांचे कुंपण आले. पुढे 'अमुक टक्के काम पूर्ण' अशा बातम्या येत राहतील. या टक्केवारीने भुलू नये. त्यात उभे राहिलेले सगळे खांब मोजले जातात, पण अडलेली एकच जागा संपूर्ण मार्ग रोखून धरते, हे कळत नाही. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने प्रत्येक स्थानकाची आणि कारशेडची किती जागा ताब्यात आहे, हे दर तीन महिन्यांनी जाहीर करावे. कल्याण, डोंबिवली आणि भिवंडीच्या लोकप्रतिनिधींनी उद्घाटनाची तारीख विचारण्याआधी हा तक्ता मागावा.