भाड्याची स्कूटर : किल्लीआधी पाटी पाहा

मुरबाड, प्रतिनिधी : गोव्यात उतरताच स्कूटर भाड्याने घेऊन किनारे पालथे घालायचे, हा अनेक पर्यटकांचा शिरस्ता आहे. रोमसारख्या युरोपीय शहरांतही अशी सोय आहे. मात्र भाड्याची घासाघीस करण्यापूर्वी कागदपत्रांची खातरजमा करणे श्रेयस्कर ठरते.

भाड्याने देण्यास परवानगी असलेल्या दुचाकीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी दुचाकी स्वस्तात मिळाली, तरी तिचा विमा खासगी वापरापुरताच असतो. ती भाड्याने दिलेली असताना अपघात घडल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि भरपाईचा भुर्दंड मालकासह चालकावरही पडू शकतो.

दुसरा मुद्दा परवान्याचा. केवळ मोटारीचा परवाना असलेल्यास भारतात स्कूटर चालविता येत नाही. विनापरवाना वाहन चालविल्यास २०१९ च्या सुधारित कायद्यानुसार ५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे. इटलीत भारतीय पर्यटकाला मूळ परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही बाळगावा लागतो. तो कमाल एक वर्ष वैध असतो. मात्र मूळ परवान्यातील वाहनप्रकारच त्यात नोंदविले जात असल्याने, दुचाकीची नोंद नसलेल्यास स्कूटरसाठी त्याचा उपयोग होत नाही. मुरबाडच्या रहिवाशांना त्यासाठी कल्याणच्या परिवहन कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो.

वाहन ताब्यात घेताना जुन्या ओरखड्यांची छायाचित्रे काढावीत, पासपोर्ट तारण ठेवू नये आणि मागे बसणाऱ्यासाठीही हेल्मेट मागून घ्यावे.