नारू

पाण्याच्या हंड्यावर पांढरे फडके दुहेरी घडी करून का घालतात, हे आपल्या आजीला एकदा विचारा. पुष्कळ गावांतील आज्या म्हणतील, ‘‘अरे, नारू होऊ नये म्हणून!’’ तुमच्यापैकी कोणीही नारूचा रोगी पाहिलेला नसेल. आमच्या लहानपणी मात्र तो खेडोपाडी दिसे.

नारू हा एक कृमी होय. तो शेवईसारखा पांढरा व बारीक असतो. पण त्याची लांबी चांगली दीड-दोन हात भरते. माणसाच्या शरीरात तो सुमारे वर्षभर वाढत राहतो आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. मग बहुधा पायावर फोड येतो, त्याची विलक्षण आग होते, आणि फोड फुटून नारूचे टोक बाहेर डोकावते. तो हिसका देऊन ओढावा, तर मध्येच तुटतो व पाय सुजून पिकतो. म्हणून त्याचे टोक काडीला गुंडाळून रोज बोट-दोन बोटे असा तो हळूहळू बाहेर काढीत. यात कित्येक आठवडे जात. ऐन पेरणीच्या दिवसांत घरातील कर्ता माणूस असा अंथरुणाला खिळला, की त्या घराचे वर्षच बुडे.

पायाची आग शमावी म्हणून रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाण्यात पाय सोडून बसे. पाण्याचा स्पर्श होताच नारूची मादी आपली असंख्य पिले पाण्यात सोडी. सायक्लॉप्स नावाचे चिमुकले जलचर ती गिळीत. तेच पाणी कोणी न गाळता प्याले, की सायक्लॉप्स पोटात मरून जाई. नारूची पिले मात्र जिवंत राहत! एकाने आज पाय बुडवावेत आणि दुसऱ्याने वर्षाने लंगडावे, असा हा विचित्र व्यवहार होता.

या रोगावर लस नाही आणि तो बरा करणारे औषधही नाही. तरीही तो आपल्या देशातून गेला. सायक्लॉप्स जेमतेम एक-दोन मिलिमीटरांचा असला, तरी घट्ट विणीच्या फडक्यातून तो पार होत नाही. 1983-84 साली निर्मूलनाचे राष्ट्रीय कार्य सुरू झाले. पाणी गाळून पिण्यास लोकांना शिकविण्यात आले, हातपंप बसले, रोग्यांना पाण्यात उतरू न देण्याची दक्षता घेतली गेली. भारतातील शेवटचा रोगी 1996 साली राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला, आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. 2023 साली तर साऱ्या जगात अवघ्या 14 माणसांना नारू झाला.

मात्र फडक्यावर सर्वस्वी विसंबू नये. पटकी व विषमज्वर यांचे जंतू त्यातून सहज निसटतात. त्यांसाठी पाणी उकळावेच लागते. शिवाय फडक्याची वरची बाजू नेहमी वरच ठेवावी. ते उलटे घातले, तर अडकलेली घाण पाण्यातच पडावयाची!

एखाद्या गावी जुन्या विहिरीच्या पायऱ्या भिंत घालून बंद केलेल्या दिसल्या, तर त्यामागे काय कारण असावे, हे आता तुम्हांला सांगता येईल.