हजेरीचें बुक व जातीचा दाखला

उजनी धरणाचें पाणी एखाद्या उन्हाळ्यांत फार उतरलें म्हणजे इंदापूर तालुक्यांतील जुन्या पळसदेवचें पळसनाथाचें देऊळ भीमेच्या पात्रांतून वर येतें, आणि लांबलांबची मंडळी तें पाहावयास लोटतात. धरण 1980 सालीं पुरें झालें. जुनें गांव पाण्याखालीं गेलें आणि नवें गांव पुणें-सोलापूर हमरस्त्याजवळ वसलें. देवळाचें नवल आम्ही नाकारीत नाहीं. पण याच टापूंत दुसरी एक जुनी वस्तु अशी आहे कीं, ती कायमची बुडाली असें सर्वांनीं धरून चालावें, आणि कोठें घरफोडी झाली कीं तिनें त्याच रात्रीं वर डोकें काढावें. ती वस्तु म्हणजे गुन्हेगार जातींचा कायदा. तो रद्द होऊन सत्तरांहून अधिक वर्षें लोटलीं. परंतु बारामती-इंदापूरच्या फासेपारध्यास विचारलें तर तो हें खरें मानणार नाहीं. त्याचें म्हणणें कितपत योग्य आहे हें आज आम्हांस पाहावयाचें आहे.

हा कायदा प्रथम 1871 सालीं झाला तेव्हां तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911 च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यासही लागू करण्याची सोय झाली, व 1924 सालीं त्यास नवें एकत्रित रूप मिळालें. अमुक जात वा टोळी नेहमीं गुन्हे करिते असें मानण्यास सरकारास कारण वाटलें कीं सरकारनें जाहीरनामा काढावा. जाहीरनामा निघाला कीं त्या जातीच्या माणसांचीं नांवें रजिस्टरांत चढवावीं, अंगठ्यांचे ठसे घ्यावे. त्यांनीं ठरल्या वेळीं हजेरी द्यावी, आणि गांव सोडावयाचें झाल्यास आगाऊ खबर देऊन परवाना घ्यावा. जाहीरनामा योग्य कीं अयोग्य हा प्रश्न कोणत्याही कोर्टास काढतां येत नसे! कांहीं ठराविक गुन्ह्यांपैकीं दुसरा शाबीत झाला तर, खास कारण नसल्यास, निदान सात वर्षें कैद, व तिसरा झाला तर जन्माचें काळें पाणी. 1897 च्या दुरुस्तीनें तर चार वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतचीं मुलें आईबापांपासून तोडून निराळ्या वसाहतींत ठेवण्याचाही अधिकार सरकारनें घेतला होता.

फौजदारी न्यायाचा क्रम सर्वांस ठाऊक आहे. कृत्य आधीं, आरोप मागून, पुरावा त्याहून मागून, आणि शिक्षा सर्वांच्या शेवटीं. या कायद्यांत शिक्षा जन्माबरोबर सुरू होई, आणि कृत्य घडलें तर घडलें. सुताराचा मुलगा सुतार तसा चोराचा मुलगा चोर, असा युक्तिवाद त्या वेळीं करण्यांत आला. आमच्या जातिभेदास उठतां बसतां नांवें ठेवणाऱ्या राज्यकर्त्यांनीं आमचेंच जुनें प्रमेय उचलून त्यावर कायद्याचा शिक्का मारला. यांत त्यांची लबाडी आहेच. पण हत्यार त्यांस आमच्या घरांतून मिळालें हेंही आम्हीं विसरतां कामा नये.

हे लोक पूर्वीं काय करीत असत? फासेपारधी हें नांवच फासावरून पडलें. माळावर फास मांडून तित्तर, लावे, ससे, हरिणें धरावीं व आसपासच्या गांवीं विकावीं हा त्यांचा धंदा. रामोश्यांकडे गांवाची व किल्ल्याची राखण असे. कंपनी सरकारचा अंमल बसल्यावर पुरंदरच्या रामोश्यांचे किल्ल्याचे हक्क गेले, आणि उमाजी नाईकानें शस्त्र उचललें. 3 फेब्रुवारी 1832 रोजीं पुण्यास त्यास फांशीं देण्यांत आलें. राखणदाराचें वेतन बंद करावयाचें आणि मग त्यालाच दरोडेखोर म्हणावयाचें, हा हिशेब व्यापारी वाचकांस तरी पटूं नये. पारध्याची गोष्ट याहून सावकाश घडली. 1885 सालीं नीरेचा डावा कालवा सुरू झाला व कोरडवाहू रानांत ऊस उभा राहूं लागला. कालव्यानें या मुलखाचें कल्याण केलें यांत संशय नाहीं. परंतु ज्याचें पोट माळावर होतें त्याचें माळ गेल्यावर काय होणार, याचा विचार ना इंजिनियरांनीं केला ना बागाइतदारांनीं. पुढें स्वराज्यांत 1972 सालीं वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा झाला, तोही अवश्यच होता. 1997 सालीं बारामती तालुक्यांत सुप्याजवळ चिंकारांसाठीं मयूरेश्वर अभयारण्य झालें. हरणास ठिकाण मिळालें. हरणाच्या मागें फिरणाऱ्यास मात्र अजून मिळावयाचें आहे.

ही युक्ति हिंदुस्थानापुरतीच होती असें कोणी समजूं नये. ज्या इंग्रजी राज्यानें आमच्याकडे परवान्याचें बुक आणलें त्याच्याच छत्राखालीं कॅनडा देशांतील मूळ रहिवाशांचीही स्थिति निराळी नव्हती. तेथें प्रथम फ्रेंच आले. ते संख्येनें थोडे, व लोंकरीच्या कातड्यांच्या व्यापारावर जगणारे. त्यामुळें मूळच्या लोकांशीं गोडीनें वागणें त्यांस भागच होतें. 1701 सालीं माँट्रिआल येथें त्यांनीं सुमारें 40 जमातींशीं तह केला. म्हणून फ्रेंचांस साधु ठरविण्याचें कारण नाहीं. त्याच वसाहतींत 1709 च्या हुकुमानें मूळ रहिवाशांस गुलाम म्हणून बाळगणें कायदेशीर करण्यांत आलें होतें. 1763 सालीं पॅरिसचा तह झाला. त्याच तहानें इकडे पाँडिचेरी फ्रेंचांस परत मिळाली व तिकडे कॅनडा इंग्रजांस गेला. ज्यांचे ते मुलूख त्यांस दोन्हींकडे कोणीं विचारलें नाहीं.

पुढें तेथें 1876 सालीं मूळ रहिवाशांसाठीं निराळा कायदा झाला. 1885 च्या उठावानंतर पश्चिमेकडील प्रदेशांत, राखीव जागेबाहेर पडण्यापूर्वीं सरकारी एजंटाची चिठ्ठी घेण्याची सक्ति सुरू झाली. आणि मौज अशी कीं, या चिठ्ठीस कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता. आमच्याकडे निदान कायदा करून अन्याय केला. तेथें तेवढीही तसदी घेतली नाहीं. 1927 सालीं तर जमिनीच्या दाव्यासाठीं वर्गणी जमवून वकील देणें हाच सरकारच्या परवानगीवांचून गुन्हा ठरला, व ती बंदी 1951 पर्यंत टिकली. वकिलीचा धंदा केलेल्या माणसास हें वाचून हंसावें कीं रडावें हें कळत नाहीं. मुलें आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घालण्याची चालही तेथें होती. त्या शाळांबद्दल कॅनडाच्या मुख्य प्रधानांनीं जून 2008 मध्यें पार्लमेंटांत उभें राहून माफी मागितली.

आमच्या इलाख्यांत या लोकांसाठीं वसाहती निघाल्या. सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनच्या हातीं होती. शाळा, दवाखाना, गिरणींतील काम या गोष्टी तेथें कांहींशा झाल्या हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. पण गिरणीस स्वस्त मजूर मिळे आणि मजुरास सुटून जाण्याची सोय नसे, हाही त्या परोपकाराचा एक भाग होता. सोलापुरांत त्या भागास लोक अद्याप ‘सेटलमेंट’च म्हणतात.

स्वराज्य आलें तेव्हां या लोकांचें स्वराज्य पांच वर्षें मागें राहिलें. 31 ऑगस्ट 1952 रोजीं कायदा रद्द झाला. तोच दिवस ते विमुक्त दिन म्हणून पाळतात. 1959 सालीं मुंबई राज्यानें सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. न्यायानें बोलावयाचें तर त्यांत जातीचें नांव नाहीं, व्यक्तीस पूर्वीं झालेल्या शिक्षांवर तो उभा आहे. परंतु कायद्याचें पुस्तक बदलतें तसा फौजदाराचा हात बदलत नाहीं. जून 1998 मध्यें बारामतींतच एका फासेपारध्याचा पोलीस कोठडींत मृत्यु झाला, तेव्हां महाश्वेता देवी, गणेश देवी, लक्ष्मण गायकवाड प्रभृतींनीं त्याचा पाठपुरावा केला होता. 3 ऑक्टोबर 2024 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तुरुंगाच्या नियमांतील जातिभेदाचीं कलमें घटनाबाह्य ठरविलीं, आणि विमुक्त जातींच्या माणसांस मनमानीनें पकडूं नये असें पोलिसांस बजावलें. प्रजासत्ताकाच्या पाऊणशाव्या वर्षीं हें बजावावें लागलें, यावरून काय तें समजावें.

आतां मुख्य मुद्दा. पारध्याच्या मुलास शिष्यवृत्ति, वसतिगृह, घरकुल, नोकरी यांपैकीं कांहींही हवें तर जातीचा दाखला पाहिजे. फासेपारधी हे महाराष्ट्रांत अनुसूचित जमातींत मोडतात. तेव्हां अर्जदाराचें घराणें 6 सप्टेंबर 1950 पूर्वीं या राज्यांत राहत होतें याचा पुरावा पाहिजे. विमुक्त जातींस हीच तारीख 21 नोव्हेंबर 1961 आहे. सातबारा आणा, शाळेचा दाखला आणा, जन्ममृत्यूचा उतारा आणा! ज्यास जमीन मिळूं दिली नाहीं त्यानें सातबारा आणावा, ज्याचें पाल गांवानें तीन रात्रींपलीकडे टिकूं दिलें नाहीं त्यानें राहण्याचा पुरावा आणावा. कैकाड्याची तऱ्हा याहून विचित्र. विदर्भांत तो अनुसूचित जातींत, आणि इकडे पुणें-सोलापुरांत विमुक्त जातींत. जिल्हा बदलला कीं माणूस बदलतो असें हें शास्त्र आहे.

आणि पुरावा नाहीं असें तरी कोण म्हणतें? 1950 पूर्वीं ज्या माणसाचें नांव, बापाचें नांव, जात, ठिकाण, अंगठ्याचा ठसा आणि रोजची हजेरी सरकारनें स्वखर्चानें लिहून ठेविली, असा माणूस या देशांत गुन्हेगार जातींच्या रजिस्टरांतील माणसावांचून दुसरा कोण आहे? सावकाराच्या चोपडींतही इतकी बारीक नोंद नसेल. संशय घ्यावयाचा होता तेव्हां सरकारास त्याचा पत्ता बिनचूक ठाऊक होता. हक्क द्यावयाची वेळ आली तेव्हां तो बेपत्ता झाला. हीं रजिस्टरें व वसाहतींचीं दप्तरें जेथें जेथें उरलीं आहेत तेथून शोधून, त्यांतील उतारे दाखल्याच्या कामीं पुरावा म्हणून मानावे. आणि तीं जेथें सरकारी निष्काळजीपणानें नष्ट झालीं असतील तेथें पुराव्याचा बोजा अर्जदारावर राहूं नये, प्रांतांनीं वस्तीवर जाऊन चौकशी करून दाखला द्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. दप्तर ज्याच्या ताब्यांत तें हजर करण्याची जबाबदारी त्याच्यावर, हा नियम कोणत्याही दिवाणी कोर्टांत चालतो.

‘पण त्यांच्यांतले कांहीं चोऱ्या करतातच ना?’ असें आमचे पेठेंतील मित्र म्हणतील. करतात. आमच्या पेठेंतही खोटीं मापें व खोटे हिशेब सांपडतात. म्हणून सर्व वाणी-उदम्यांची रोज सकाळीं चावडीवर हजेरी घ्यावी असें अद्याप कोणीं सुचविलें नाहीं. ज्यानें चोरी केली त्यावर खटला भरावा, पुरावा द्यावा, शिक्षा व्हावी; त्याच्या भावास, मेहुण्यास व शेजारच्या पालांतील म्हाताऱ्यास ओढून नेऊं नये. इंदापूर, भिगवण, बारामती येथील व्यापाऱ्यांस आमची सूचना आहे कीं, दुकान फुटल्यावर फिर्याद देतांना पाहिलें तेवढेंच सांगावें. पाहिलेलें नसतां ‘पारध्यांवर संशय आहे’ हें वाक्य संवयीनें लिहवून देणें म्हणजे 1871 चा जाहीरनामा आपल्या सहीनें पुन्हां काढणें होय. तसेंच जुन्या वह्यांतून, उधारीच्या खात्यांतून एखाद्या पारध्याचें वा कैकाड्याचें नांव गांवासह लिहिलेलें आढळल्यास तें पान जपून ठेवावें; त्याच्या नातवास तें उपयोगी पडेल.

जून महिन्यांत शाळा उघडतात. भीमेकांठीं पळसदेव, भिगवण यांच्या आसपास ज्या ज्या ठिकाणीं या लोकांचीं पालें वा घरें असतील तेथें तलाठी, मुख्याध्यापक व गांवचे दोन प्रतिष्ठित गृहस्थ मे महिन्यांतच जाऊन पोहोंचले, आणि प्रत्येक मुलाचा अर्ज तेथेंच भरून त्याची पोंच बापाच्या हातीं दिली, तर हें काम फार खर्चाचें नाहीं.