एक तार आणि तटस्थ अमेरिका

१९१४ साली युरोपात वणवा पेटला तेव्हा अमेरिका अलिप्त राहिली. १९१६ च्या निवडणुकीत विल्सन यांच्या पक्षाने त्यांनी देशाला युद्धापासून दूर ठेवले याचाच डंका पिटला, आणि ते निवडून आले. त्यानंतर पाचच महिन्यांनी अमेरिका युद्धात होती! कारणे अनेक, त्यांत पाणबुड्यांचे सर्वांत मोठे; पण आम्हांला येथे सांगावयाची आहे ती एका तारेची हकीकत.

१६ जानेवारी १९१७ रोजी जर्मनीचे परराष्ट्रमंत्री झिमरमन यांनी मेक्सिकोतील आपल्या वकिलासाठी गुप्त तार धाडली. मजकूर असा : १ फेब्रुवारीपासून पाणबुड्यांचे निर्बंधरहित युद्ध सुरू होईल, तरीही अमेरिका तटस्थ राहावी असा आमचा यत्न राहील, तो फसल्यास मेक्सिकोने आमच्याशी सख्य करावे, पैसा आम्ही पुरवू, आणि टेक्सास, न्यू मेक्सिको व ॲरिझोना हे गमावलेले मुलूख त्याने परत घ्यावेत. जपानलाही या गोटात ओढावे.

गंमत पाहा. जर्मनीच्या समुद्राखालच्या तारा इंग्रजांनी युद्धारंभीच तोडल्या होत्या. शांततेच्या वाटाघाटींना सोय म्हणून विल्सन यांनी जर्मनांना अमेरिकन वकिलातीची तार वापरू दिली होती. म्हणजे अमेरिकेविरुद्धचा कट अमेरिकेच्याच तारेवरून गेला! ही तार लंडनवरून जाई, आणि तेथील नौदल कचेरीच्या 'चाळीस नंबरच्या खोली'तील मंडळी ती टिपून घेत. प्रत्येक शब्दाला एक आकडा, असा तो संकेत होता. ॲरिझोनाला आकडाच नव्हता, म्हणून ते नाव तुकडे पाडून लिहावे लागले.

खरी अडचण पुढेच होती. तार दाखवावी, तर आपण तटस्थ मित्राच्याही तारा वाचतो हे उघड होणार, आणि जर्मन सावध होऊन संकेत बदलणार. नाविक हेरखात्याचे प्रमुख हॉल यांनी म्हणून घाई केली नाही. वॉशिंग्टनच्या जर्मन राजदूताने तीच तार पुढे मेक्सिकोला पाठविली होती. तेथे नवा संकेतकोश नसल्याने जुना वापरावा लागला होता, आणि तो इंग्रजांच्या चांगला परिचयाचा होता. तिची प्रत मेक्सिकोतून मिळविण्यात आली. आता ती तेथेच फुटली असे भासविता येत होते.

फेब्रुवारीअखेर तार अमेरिकेच्या हाती पडली, १ मार्चला वृत्तपत्रांत झळकली. पुष्कळांनी तिला इंग्रजांची बनावट ठरविले. 'हे खोटे आहे' असे झिमरमन एकदा म्हणाले असते तर? पण ३ मार्चला त्यांनी स्वतःच ती आपली म्हणून मान्य केली. हा सरळपणा की बेफिकिरी, हे कोडे आम्हांला तरी सुटलेले नाही. ६ एप्रिलला अमेरिकेने युद्ध पुकारले. मेक्सिकोने तो देकार नाकारला.

अमेरिकनांना साधले ते इंग्रज हेरांना का साधले नाही, अशी टीका नंतर लंडनच्या एका वृत्तपत्रात आली. ती खुद्द हॉल यांनीच छापून आणविली होती, असे इतिहासकार सांगतात.