गळ्यातील ग्रंथी आणि स्त्रियांचे आरोग्य

डब्लिन येथील वैद्य रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज यांनी १८३५ मध्ये तीन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. तिघांच्याही छातीत सतत धडधड होत असे आणि गळ्यापुढील ग्रंथी फुगलेली होती. १८७३ मध्ये लंडनच्या विल्यम गल यांनी याच्या अगदी उलट प्रकृतीच्या पाच रुग्णांची हकीकत सांगितली. त्यांचा चेहरा सुजलेला, बोलणे जड आणि हालचाल मंद झालेली होती. पुढे १९१२ मध्ये जपानी शल्यवैद्य हाकारू हाशिमोटो यांनी चार रुग्णांच्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यांत रोगप्रतिकारक पेशींची दाटी झालेली दिसली. हे बाराही रुग्ण स्त्रियाच होत. हा योगायोग नव्हे. या ग्रंथीचे विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये साधारणपणे पाच ते आठ पटींनी अधिक आढळतात.

ही अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड. कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी ती असते. तिचे वजन जेमतेम वीस ग्रॅम. परंतु शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीची गती तिच्या स्रावावर अवलंबून असते. रक्तातील आयोडीन शोषून ती थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक बनवते. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी तिच्यावर देखरेख करते. थायरॉक्सिन कमी पडू लागले, की पोष ग्रंथी आपला उत्तेजक स्राव वाढवते, आणि रक्तातील ह्या उत्तेजक स्रावाचे प्रमाण मोजूनच आज विकाराचे निदान होते.

स्राव कमी पडला म्हणजे थंडी सोसत नाही, वजन वाढते, मलावरोध होतो, केस गळतात, आवाज घोगरा होतो, मासिक पाळीत रक्तस्राव अधिक होतो आणि मन उदास राहते. स्राव वाढला तर भूक चांगली असूनही वजन घटते, हात कापतात, उकाडा असह्य होतो. यांपैकी पहिला प्रकार फार फसवा आहे. थकवा आणि सुस्ती यांचा दोष घरकामाला, बाळंतपणाला किंवा वयाला दिला जातो, आणि कित्येक स्त्रिया वर्षानुवर्षे विनाकारण आजार काढतात. वास्तविक रक्ताच्या एका साध्या तपासणीने प्रश्न सुटण्याजोगा असतो.

स्त्रियांनाच हे विकार अधिक का व्हावेत? शरीराचे संरक्षण करणाऱ्या पेशीच आपल्या ग्रंथीवर उलटतात, हे यांपैकी बहुसंख्य विकारांचे मूळ होय. आणि असे स्वघातकी विकार एकंदरीतच स्त्रियांमध्ये अधिक असतात. त्याची संपूर्ण कारणमीमांसा अद्याप झालेली नाही. बाळंतपणानंतरच्या वर्षात ग्रंथीला दाह होऊन प्रथम स्राव वाढणे व मग घटणे, हाही प्रकार घडतो.

गरोदरपणी तर दोन जीवांचा प्रश्न असतो. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची स्वतःची ग्रंथी कामास लागलेली नसते. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवरच होते. म्हणून प्रौढ स्त्रीला दिवसाकाठी १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरत असले, तरी गर्भवतीस २५० मायक्रोग्रॅम लागते. हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशात पाऊस आणि पूर यांनी जमिनीतील आयोडीन धुऊन नेलेले असल्यामुळे तेथे गलगंड पिढ्यान्‌पिढ्या होता. कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून प्रयोग केला. खोऱ्याचे तीन विभाग करून दोहोंना आयोडीनयुक्त मीठ व एकास साधे मीठ पुरवले. १९६२ पर्यंत त्या दोन विभागांतील गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर वा त्याखाली आले. तिसऱ्यात ते होते तेथेच राहिले. त्याच वर्षी राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. चिमूटभर मिठाने एवढे मोठे काम केल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात थोडीच सापडतील.

उपचाराची कथाही एका स्त्रीपासूनच सुरू होते. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी एका सेहेचाळीस वर्षांच्या स्त्रीला मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचला. त्यानंतर ती अठ्ठावीस वर्षे जगली. आज थायरॉक्सिनची गोळी मिळते. ती सकाळी उपाशीपोटी घ्यावी. गर्भवतीस लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या जातात; त्या याच वेळी घेतल्यास थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही, म्हणून मध्ये चार तासांचे अंतर ठेवावे लागते. ‘बरे वाटते’ म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणे, आणि तेही गरोदरपणी, धोक्याचे असते; त्या काळात उलट मात्रा वाढवावी लागते.

अवटू ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, परावटू ग्रंथी असतात. त्या प्रथम दिसल्या त्या माणसात नव्हे, तर लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्यात, रिचर्ड ओवेन यांना. मनुष्यातील परावटू ग्रंथींचे वर्णन १८८० मध्ये स्वीडनच्या ईव्हार सँडस्ट्रॉम यांनी केले. नावातील साम्य सोडले, तर या ग्रंथींचे काम अगदी निराळे आहे: रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखणे. त्यांपैकी एखादी वाढून अतिरिक्त स्राव करू लागली, तर हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरते. हाडे ठिसूळ होतात, मूत्रपिंडात खडे होतात. पाळी थांबल्यानंतरच्या वयात हा विकार अधिक आढळतो, आणि त्या वयातील हाडदुखी सर्वसाधारण समजली जात असल्यामुळे तो सहज नजरेतून सुटतो. वाढलेली ग्रंथी काढून टाकली, म्हणजे बहुधा तो बरा होतो.

याउलट, अवटू ग्रंथीवरील शस्त्रक्रियेत या इवल्याशा ग्रंथींना इजा पोहोचली, तर कॅल्शियम एकाएकी घटते. ओठांभोवती व बोटांच्या टोकांशी मुंग्या येतात, मग हातपाय वळतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत अशा मुंग्या आल्या, तर ती अशक्तपणाची खूण न मानता ताबडतोब डॉक्टरांस कळवावे लागते. कॅल्शियम दिल्यावर ही लक्षणे लवकर ओसरतात.