दोन वाऱ्यांवरचा प्रवास

इंजिनं येण्याआधी मुंबईहून मालवणला निघालेल्या गलबताचं वेळापत्रक एकट्या तांडेलाच्या हाती नसायचं. ते ठरायचं जमीन आणि समुद्र यांच्या तापण्या-निवण्यावर.

जमीन लवकर तापते, लवकर निवते. पाण्याचं दोन्ही बाबतींत काम संथ. त्यामुळे रात्री निवलेल्या जमिनीवरची जड हवा समुद्राकडे सरकते. हा मतलई वारा. पहाटे तो शिडात भरला की नांगर उचलायचा आणि किनारा सोडायचा. उन्हं चढली की वारा पडायचा, शीड लोंबायचं. या पडीत खलाशी दोर सांधत, शिडाला टाके घालत. मातीने लिंपलेल्या लाकडी पेटीतल्या चुलीवर भात शिजे. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की पुन्हा धावपळ. कोकणपट्टीवर हिवाळ्यात तो बहुधा वायव्येकडून येतो. दक्षिणेला जाणाऱ्यांना तो पाठीशी, मुंबईकडे परतणाऱ्यांना मात्र समोरून.

मग नागमोडी वाट धरायची. इथे डोलकाठीवरच्या तिरक्या लांब काठीला बांधलेलं, जवळपास त्रिकोणी शीड कामी येई. वारा बाजूने घेतला की शिडाच्या दोन अंगांवरचा हवेचा दाब वेगवेगळा होतो आणि गलबत पुढे ओढलं जातं. पाण्यातला तळ त्याला आडवं घसरू देत नाही. थेट वाऱ्याच्या तोंडावर मात्र कुठलंच शीड चालत नाही.

पावसाळ्यात नैर्ऋत्य मोसमी वारा मतलई आणि खाऱ्या अशा दोन्ही वाऱ्यांना दाबून टाकतो आणि खाड्यांची तोंडं खवळतात. म्हणून जूनच्या सुमारास गलबतं किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की नवा हंगाम सुरू.